गोवा की मालवण? अर्धापूरहून दोन्ही सारखेच लांब, पण पाण्यात उतरल्यावर फरक पडतो

एप्रिल उजाडला, हळद शिजवून-वाळवून मोंढ्यावर गेली की अर्धापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षी एक वाद हमखास पेटतो. औंदा समुद्र बघायचाच, एवढं ठरलेलं असतं. माहूर झालं, तुळजापूर झालं, पंढरपूर-अक्कलकोट झालं, तिरुपतीही झालं. समुद्र मात्र राहिला. मग ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडतात. पोरं म्हणतात गोवा. मोठी माणसं म्हणतात, गोवा नको, मालवणला जाऊ, सोबत बायका-लेकरं आहेत.

“फॅमिलीसाठी कोकण, पोरांसाठी गोवा” हे गणित आपल्याकडे इतकं पक्कं झालंय की ते कोणी पुन्हा मांडून बघत नाही. राहणं, खाणं आणि खर्च एवढंच धरलं तर ते बऱ्यापैकी बरोबर आहे. पण ज्यासाठी एवढ्या लांब जायचं, त्या पाण्यात उतरायची वेळ आली की हे गणित उलटं होतं. कसं, ते बघू. त्याआधी थोडं रस्त्याचं.

नाव गोव्याचं, रस्ता सिंधुदुर्गातून

अर्धापूरकरांना गोव्याचं नाव सध्या सुट्टीपेक्षा जास्त एका महामार्गामुळे ऐकू येतं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. २०२५ च्या आखणीनुसार वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सिंधुदुर्ग-गोवा हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्यात नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर, बीड, धाराशिव सगळे आले. तेव्हाचा खर्चाचा अंदाज ८६ हजार कोटींच्या आसपास. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादनाला मंजुरी दिली. नागपूरहून गोव्याला आज १८ तास लागतात, ते ८ तासांवर येतील, असं सरकार सांगतं.

अर्धापूर तालुक्यात मात्र या रस्त्याची चर्चा तासांत होत नाही, एकरांत होते. इसापूर धरणाचं पाणी आल्यावर इथे केळीच्या बागा उभ्या राहिल्या, आणि आखणीची रेघ अशाच बागायती पट्ट्यातून जाते म्हणून शेतकऱ्यांचा विरोध आहे. त्यांचा एक मुद्दा साधा आहे: नागपूर-रत्नागिरी महामार्ग आधीच आहे, तो अर्धापुरातूनच जातो, मग त्याला जवळपास समांतर दुसरा कशाला? कोल्हापूर जिल्ह्यात विरोध एवढा तापला की ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, तिथल्या भूसंपादनाची अधिसूचना सरकारने मागे घेतली. मराठवाड्याच्या वाट्याला तशी माघार आली नाही.

यातली गंमत अशी की हा ‘गोव्याचा’ महामार्ग संपतो महाराष्ट्रात. पत्रादेवी म्हणजे बांद्याच्या पुढची हद्द. डांबर पुढे गोव्यात जातं, पण त्याआधीचा सगळा शेवटचा टप्पा सिंधुदुर्ग जिल्ह्यातून आहे. म्हणजे ज्याला गोव्याचा रस्ता म्हणतात, तो मालवणकडे वळायच्या फाट्यावरून पुढे जातो. नकाशावर दोन्ही ठिकाणं वेगळ्या राज्यांत दिसतात. अर्धापूरहून निघालेल्या माणसाला ती एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत.

सावंतवाडीत ठरवलं तरी चालेल, इतकं अंतर सारखं

आजचा रस्ता असा: अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर. इथवर सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास होतात. पुढे घाट. मालवणला जायला फोंडा घाट उतरून कणकवली गाठता येते, किंवा आंबोली घाट उतरून सावंतवाडी. सावंतवाडीत मुंबई-गोवा महामार्ग भेटतो. डावीकडे वळलात तर बांदा, पत्रादेवी आणि तासा-दीड तासात पणजी. उजवीकडे वळलात तर कुडाळ आणि तिथून मालवण, तेही साधारण तेवढ्याच वेळात. एकूण अंतर दोन्हीकडे साडेसहाशे ते सातशे किलोमीटर.

म्हणून “गोवा लांब पडतो” हे कारण बाद. दोन्ही लांबच पडतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर एका बाजूला ४५ लिटर पेट्रोल लागणारच आणि एक अख्खा दिवस जाणारच. पाच दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस एमएच २६ च्या खिडकीतून सोलापूर-सांगोला बघण्यात जातात. हे आधी मान्य केलं की पुढचे बरेच चुकीचे बेत टळतात. त्यातला सगळ्यात चुकीचा बेत म्हणजे ‘दोन्ही करून येऊ’. तीन मोकळ्या दिवसांत मालवणचा किल्ला, तारकर्लीचं स्कूबा, पणजीची बोट आणि कलंगुट असं कोंबलं की लेकरांच्या वाट्याला फक्त गाडीचं सीट येतं.

रेल्वेने जायचं तर नांदेड-पनवेल एक्स्प्रेस लातूर, कुर्डुवाडी, पुणे करत पनवेलला पोचवते. तिथून कोकण रेल्वे. मालवणसाठी कुडाळला उतरायचं, उत्तर गोव्यासाठी थिवीला, दक्षिण गोव्यासाठी मडगावला. कोकण रेल्वेचं आरक्षण मे महिन्यात मिळणं अवघड, त्यामुळे हा बेत दोन महिने आधी करायचा असतो, निघायच्या आठवड्यात नाही.

विमानाचं काय? गोव्यात दाबोळी जुनं आणि मोपा नवं. मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणं सुरू झाली. हे विमानतळ गोव्याच्या पेडणे तालुक्यात आहे, बांदा-सावंतवाडीच्या अगदी जवळ. सिंधुदुर्गाचं स्वतःचं विमानतळही आहे, वेंगुर्ले तालुक्यात चिपीला. त्याचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं, पण तिथली मुंबईची सेवा तीन वर्षांतच बंद पडली आणि नंतर एखाद-दोन मार्गांवर विमानं येत-जात राहिली. नांदेडच्या विमानतळाची कहाणी फार वेगळी नाही, सेवा सुरू होते, बंद होते, परत सुरू होते. म्हणून विमानानेच जायचं असेल तर रेल्वेने हैदराबाद गाठून तिथून मोपा, हा नांदेडकरांचा भरवशाचा मार्ग. मालवणला जाणाऱ्यांनाही मोपा चालतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

एसटीने जाणाऱ्यांसाठी हद्दीचा एक हिशोब महत्त्वाचा आहे. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. आजी, आई, दोन मावश्या आणि काकू असा गोतावळा घेऊन निघालेल्या घराला मालवणपर्यंत हा फरक चांगलाच जाणवतो. पत्रादेवी ओलांडली की पूर्ण भाडं.

कॅलेंडर आधी, हॉटेल नंतर

समुद्राच्या सुट्टीत मराठवाड्यातला माणूस सगळ्यात जास्त फसतो तो तारखेत. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी मे आणि अर्धा जून. हळद निघालेली, खरिपाची पेरणी अजून लांब, म्हणून शेतकरी घरांना मे हाच मोकळा महिना. त्यातही लग्नं उरकायची असतात. मग सहलीची तारीख सरकत सरकत २५-२८ मे वर जाते. आणि तिथे दार बंद झालेलं असतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारी होडी बंद, स्कूबा बंद, डॉल्फिन बघायला नेणाऱ्या बोटी बंद. मालवणच्या जेट्टीवर उभं राहून समोर पाण्यातला किल्ला बघायचा आणि परत फिरायचं. गोव्यातही जूनपासून जलक्रीडा थांबतात आणि किनाऱ्यावरची शॅक्स उतरवली जातात. फरक एवढाच की गोव्यात समुद्र बंद झाला तरी बाकीचं गाव चालू असतं: पणजीतलं फोंतेन्हास, जुन्या गोव्याची चर्चेस, फोंड्याची मंगेशी-शांतादुर्गा. पावसाळ्यात जायचंच असेल तर गोवा जास्त झेपतो. मालवणातली दोन-अडीच दिवसांची मजा बहुतेक पाण्यावरच अवलंबून आहे.

शिवाय २६ मे ही कागदावरची तारीख झाली. २०२५ मध्ये मान्सून २४ मे ला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडला पोचला. त्याआधीचे काही दिवसही कोकणात जोराचा पाऊस होता. ज्यांनी ‘शेवटचा आठवडा’ धरून बुकिंग केलं होतं, त्यांनी खोलीच्या खिडकीतून पाऊस बघितला. मे मध्येच जायचं असेल तर पहिला पंधरवडा धरावा. नोकरदार घरांना खरं तर दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात चांगला, ऊन कमी आणि समुद्रही शांत. पण तेव्हा शेतकऱ्याच्या घरी सोयाबीन-कापूस असतो, त्यामुळे हा सल्ला प्रत्येकाला लागू नाही.

“गोवा रिकामा पडलाय” हे कितपत खरं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका पोस्टने सोशल मीडियावर धुमाकूळ घातला. गोव्यातले परदेशी पर्यटक किती घटलेत ते दाखवणारा आलेख होता, आणि खाली निष्कर्ष: गोवा संपला. त्यावर हजारोंनी आपापले टॅक्सीचे अनुभव ओतले. गोव्याच्या पर्यटन खात्याने आकडे चुकीचे असल्याचं सांगत थेट पोलिसांत तक्रार केली. तेव्हापासून ‘रिकामा गोवा’ हा रील्सचा कायमचा विषय झालाय.

आकडे दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर ठरवतात. परदेशी पर्यटक खरंच घटले, २०१९ मध्ये ते नऊ लाखांच्या वर होते, २०२४ मध्ये पावणेपाच लाखांच्या आत. पण त्याच २०२४ मध्ये देशी पर्यटक ९९ लाखांच्या वर गेले आणि एकूण आकडा एक कोटीच्या पुढे. म्हणजे गोवा रिकामा झाला नाही, तिथली गर्दी बदलली. ती गर्दी आपलीच आहे. मे महिन्यात बागा-कलंगुटला गेलात तर पाय ठेवायला जागा शोधावी लागेल. जागा हवी असेल तर दक्षिणेला बाणावली, आगोंद, पाळोळे. रील्समध्ये जी ‘शांत जागा’ दिसते ती बहुतेक वेळा याच बाजूची असते, आणि उत्तर गोव्यात खोली घेऊन ती शोधत फिरणारे पुष्कळ.

टॅक्सीची तक्रार मात्र खोटी नाही. बाकी शहरांत चालणाऱ्या ॲप टॅक्सी गोव्यात चालत नाहीत. ‘गोवा माइल्स’ हे सरकारी पाठबळाचं ॲप २०१८ पासून आहे आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांशी त्याचा वाद तेव्हापासूनचाच. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला ही कटकट नाही, उलट पेट्रोलही तिथे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं. स्वस्त मिळणाऱ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल एवढंच, की उघड्यावर, किनाऱ्यावर बसून पिण्याला गोव्यात २०१९ पासून दंड आहे, आणि परवान्याशिवाय त्या बाटल्या महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. परतीच्या प्रवासात मागच्या सीटवर आजी बसलेली असताना डिकी उघडायला लावली जाते, तो प्रसंग टाळलेला बरा.

मालवणात काय मिळतं?

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. जाहीर होणं वेगळं आणि तसं होणं वेगळं. मोठी हॉटेलं इथे कधीच फारशी आली नाहीत. शिरोडा-वेळागरला ताजच्या हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमिनी घेतल्या गेल्या, स्थानिकांनी विरोध केला, आणि तीन दशकं तो प्रकल्प रखडला. बागायती जमीन, सरकारी रेघ, ‘विकास होईल’चं आश्वासन. अर्धापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

मोठी हॉटेलं न आल्यामुळे जे उभं राहिलं ते घरगुती आहे. तारकर्ली, देवबाग, वायरी, आचरा, वेंगुर्ले इथे माडाच्या बागेत चार-सहा खोल्या काढलेली घरं. एमटीडीसीच्या ‘न्याहारी आणि निवास’ योजनेने या पद्धतीला हातभार लावला. सकाळी घावन-चटणी, दुपारी माशाचं ताट, रात्री कोंबडी-वडे आणि सोलकढी. शाकाहारी घरांनी आधी फोन करून सांगितलं की डाळिंबीची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी, भाजी-भाकरी मिळते, फक्त भाकरी तांदळाची असते. ज्वारीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी ती जरा हलकी वाटते, हेही खरं. पण मोठ्या माणसांना भाषा आपली, जेवण घरचं, रात्री दहाला शांतता, ही सोय गोव्यातल्या बजेट हॉटेलात मिळणं कठीण.

आणि किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी पायाभरणी केलेला, कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही याच जिल्ह्यातले. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघून, टँकरच्या रांगेत उभी राहिलेली मराठवाड्यातली माणसं तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळली तर नवल नाही. राजकोटला पुतळाही आहे. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पहिला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला होता, आता तिथे नवा उभा आहे.

इथवरचं सगळं वाचून मोठी माणसं म्हणतील, मग ठरलंच की, मालवण. थांबा.

पाण्यात उतरल्यावर

१५ एप्रिल २०१७. मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण बुडून गेले. २४ मे २०२२. तारकर्लीला स्कूबासाठी नेलेली बोट परतताना उलटली, दोन पर्यटक गेले. ३ ऑक्टोबर २०२५. शिरोडा-वेळागरला कुडाळ आणि बेळगावकडचे नातेवाईक पाण्यात उतरले, आठ जण ओढले गेले, एकालाच वाचवता आलं. रायगडच्या मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले होते.

या घटनांत गेलेली माणसं बहुतेक आतल्या भागातली. घाटावरची. नदी-विहिरीत पोहता येणारीही त्यांत असतात. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला, इसापूरच्या कालव्यात सूर मारणारा, आसनेच्या पुलाखाली पोहलेला गडी समुद्रात जास्त बेफिकीर असतो, कारण त्याला वाटतं आपल्याला येतं. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं नसतं.

लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात. ते पाणी परत जायला कुठेतरी एक अरुंद वाट शोधतं आणि त्या वाटेने जोरात आत धावतं. हीच ती ओढ. फसवणूक अशी की जिथे ही ओढ असते तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा तो पट्टा शांत दिसतो. नवखा माणूस लेकरांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारतो, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, आणि पाच मिनिटांत दमतो. सुटका आडवी आहे. किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर यायचं, मग लाटांसोबत परत. पोहता येत नसेल तर उताणं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. आणि काठावरच्यांनी वाचवायला उडी घ्यायची नाही. एकामागोमाग एक उड्या पडतात, म्हणून एकाच घरातली चार-पाच माणसं जातात. दोर, मोकळा कॅन, थर्माकोलचा खोका, जे तरंगतं ते फेकायचं आणि मच्छीमारांना हाक मारायची.

आता गोव्याचं वेगळेपण. २००८ पासून गोवा सरकारने किनाऱ्यांची राखण एका व्यावसायिक जीवरक्षक संस्थेकडे दिली आहे, दृष्टी मरीन. लाल-पिवळ्या गणवेशातले जीवरक्षक, उंच मनोरे, जीप, जेटस्की. मुख्य किनाऱ्यांवर झेंडे लावलेले असतात: लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा, लाल झेंडा असेल तिथे पाण्यात जाऊ नका. लेकरू कंबरभर पाण्याच्या पुढे गेलं की शिट्टी वाजते. गोव्यातही माणसं बुडतात. अनेकदा ती जीवरक्षक घरी गेल्यावर, अंधारात किंवा पिऊन पाण्यात उतरलेली असतात. पण दिवसा, झेंड्यांच्या मधे, शिट्टी ऐकणाऱ्या कुटुंबासाठी गोव्याचा किनारा सिंधुदुर्गातल्या निर्जन किनाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

सिंधुदुर्गाला १२१ किलोमीटरचा किनारा आहे. त्यातल्या मोजक्या ठिकाणीच जीवरक्षक दिसतात, बाकी सगळी भिस्त गावातल्या मच्छीमारांवर आणि जलक्रीडावाल्या पोरांवर. ती पोरं जिवावर उदार होऊन माणसं काढतात, पण ते त्यांचं काम म्हणून नेमलेलं नाही. ज्या एकांतासाठी आपण कोकण निवडतो, रिकामा किनारा, ना दुकान ना गर्दी, तिथे हाक मारली तर ऐकायलाही कोणी नसतं. ‘फॅमिलीसाठी कोकण’ हे सूत्र इथे उलटतं.

सुरक्षेत गोवा सगळीकडेच पुढे आहे असंही नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या एका नाइटक्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला. पोरांनी रात्री कुठेही आत शिरताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, एवढं बघून ठेवावं. मालवणात ही जोखीम नाही, कारण ती जागाच नाही.

मग अर्धापूरच्या घराने काय करावं?

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, पाण्यात फार खेळायचं नाही, किल्ला बघायचा, वाळूवर बसायचं, घरचं जेवायचं, त्यांनी मालवण घ्यावं. देवबाग किंवा तारकर्लीत तीन रात्री, एकाच घरात. किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होड्यांनी जावं, मे मधे अकरानंतर तटावरचं ऊन मराठवाड्याच्या माणसालाही सोसत नाही, कारण सोबत घामट दमट हवा असते. होडीत आणि स्कूबाच्या बोटीत लाइफ जॅकेट अंगावर बांधून मगच बसावं, मांडीवर ठेवून नाही, आणि बोटीत जास्त माणसं भरत असतील तर पुढच्या बोटीची वाट बघावी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथली वाळू आणि प्रवाह सतत जागा बदलतात. तिथे फोटो काढावेत, अंघोळ करू नये.

ज्या घरात आठ ते पंधरा वयाची लेकरं आहेत आणि त्यांना दिवसभर लाटांत खेळायचंय, त्यांनी गोव्याला जायला लाजू नये. दक्षिण गोव्यातला जीवरक्षक असलेला किनारा, चालत जाण्याइतक्या अंतरावर खोली, सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी झोप. नाइटक्लब, कॅसिनो या गोष्टी शोधत गेल्याशिवाय समोर येत नाहीत. गोवा म्हणजे बाटली असं समजून जे लोक लेकरांना निर्मनुष्य किनाऱ्यावर नेतात, त्यांनी वरच्या चार तारखा पुन्हा वाचाव्यात.

पोरांच्या ग्रुपला वेगळं सांगायची गरज नाही, ते गोव्यालाच जाणार. फक्त सूर्य मावळल्यावर पाण्याबाहेर राहावं, आणि भाड्याची बाइक काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची आहे ना, ते बघूनच घ्यावी.

आणि ज्यांचं खरंच ठरत नाही, त्यांच्यासाठी हद्दीवरची एक जागा आहे. वेंगुर्ले तालुक्यातलं रेडी, पलीकडे तेरेखोल खाडी. खाडीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, म्हणून खाडीच्या अलीकडे असूनही तो आजही गोव्यात मोडतो. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. समोर फेरीबोट लागते, काही मिनिटांत पलीकडच्या केरीला सोडते. रेडीत मुक्काम, घरगुती जेवण, आणि लेकरांना लाटांत खेळवायला फेरीने गोव्यात.